गोल्डफिशची टाकी आधी मुरू द्या

नवी टाकी भरली की पाणी इतकं नितळ दिसतं की मासे कधी एकदा सोडतो असं होतं. माझ्या पहिल्या टाकीचं तेच झालं. दुकानातून काचेची टाकी, फिल्टर आणि दोन ओरांडा (डोक्यावर टोपीसारखी वाढ असणारे गोल्डफिश) एकाच संध्याकाळी घरी आले आणि तासाभरात मासे पाण्यात होते. असं करू नये हे दुकानदाराने सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आठव्या दिवशी लाल टोपीचा ओरांडा पर अंगाशी मिटून तळाला बसला. त्याचे कल्ले घाईघाईने उघडझाप करत होते. पाणी मात्र पहिल्या दिवसाइतकंच स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तो कशाने गेला, हे एकदा समजलं की फॅन्सी, म्हणजे गोल अंगाचे आणि दुहेरी शेपटीचे, गोल्डफिश पाळण्यातलं बहुतेक सगळं समजतं. म्हणून टाकीचं माप, फिल्टर, मासे कोणते घ्यायचे, हे सगळं थोडं बाजूला ठेवून आधी पाण्याकडे येऊ.

नितळ पाण्यातलं विष

अन्नातली प्रथिनं वापरून झाली की उरलेला नायट्रोजन शरीराबाहेर टाकावा लागतो. आपण तो युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. मासा तो अमोनियाच्या रूपात टाकतो, आणि त्यातला बहुतेक कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो. म्हणजे तळाची विष्ठा तुम्ही रोज उपसून काढलीत तरी अमोनिया साचतच राहतो. तळ्यात तो विरून जातो. टाकीत जायला जागा नसते. त्याला रंग नाही, आणि एवढ्याशा प्रमाणात वासही येत नाही. कल्ल्यांची नाजूक त्वचा मात्र तो पोळून काढतो.

यातून वाट काढतात ते जिवाणू, आणि ते दोन टप्प्यांत काम करतात. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच आहे: ते माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहण्याची रक्ताची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. मग नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य, दर आठवड्याला पाणी बदलून ते काढता येतं. या सगळ्या प्रक्रियेला मासे पाळणारे नुसतं ‘सायकल’ म्हणतात. ‘तुझी टाकी सायकल झाली का?’ म्हणजे हे दोन्ही गट तुझ्या टाकीत पुरेसे वाढले का?

अडचण एवढीच की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दुधाचं दही करणारे जिवाणू काही तासांत काम उरकतात. यांना एकदा दुप्पट व्हायलाच अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. शिवाय ते पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, दगड, काच अशा पृष्ठभागांना ते चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीतलं नुसतं पाणी आणून ओतल्याने सायकल होत नाही, पण जुन्या फिल्टरचा मळका स्पंज आणला तर खूप फरक पडतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक जहाल आणि एक बरंचसं निरुपद्रवी. त्यांचं प्रमाण पाण्याच्या पीएचवर (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा) आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच जहाल रूपात असतो. तोच पीएच ८ झाला की ते प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे पाणी तपासायच्या किटमध्ये आकडा तोच दिसतो, विष मात्र दहापट झालेलं असतं.

माशांशिवाय सायकल

पूर्वी एखादा ‘दणकट’ मासा सोडून त्याच्याच अमोनियावर सायकल करायची पद्धत होती. मला ती पटत नाही. तो मासा जगला तरी त्याच्या कल्ल्यांना झालेली इजा उरतेच. माशांशिवाय सायकल करणं सोपं आहे, त्याला फक्त धीर लागतो.

टाकी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणूंना मारायलाच घातलेलं असतं, तेव्हा क्लोरीन काढणारं औषध टाका. उघड्या भांड्यात पाणी दिवसभर ठेवलं तर क्लोरीन उडून जातं हे खरं आहे, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं जास्त टिकणारं संयुग) घालतात आणि ते असं उडत नाही. म्हणून औषध वापरलेलं बरं. मग फिल्टर आणि हवेचा पंप दिवसरात्र सुरू ठेवा आणि पाण्यात अमोनिया घाला. सुगंध किंवा साबण नसलेलं साधं अमोनियाचं द्रावण चालतं. बाटली हलवल्यावर फेस आला आणि तो टिकून राहिला तर ते घेऊ नका. किटमध्ये अमोनिया २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, दिसेल इतपत थेंब थेंब घालायचा. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट अडतं.

यानंतरचे बरेच दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. टेस्ट किट थेंबांचं घ्या. कागदी पट्ट्यांवर बारीक फरक कळत नाही. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, किटवर लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि नळी पांढऱ्या कागदासमोर, खिडकीच्या उजेडात धरायची. अमोनियाच्या नेहमीच्या किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य, आणि जितका हिरवा तितका अमोनिया. साधारण दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी तो हिरवा रंग जरा फिका दिसतो. त्याच दिवशी नायट्राइटची चाचणी करा, तिथे रंग चढलेला असेल. पहिला गट कामाला लागला.

नायट्राइटचा टप्पा सगळ्यात लांबतो. अमोनिया रोज घातला तर नायट्राइट किटच्या तक्त्याबाहेर जातं, म्हणून या काळात अमोनिया दोन-तीन दिवसांनी आणि थोडाच घालावा. मग एक दिवस नायट्राइट झपकन खाली येतं. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, आणि सलग दोन-तीन दिवस तसंच झालं, की टाकी मुरली. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर बरेच कमी.

मध्येच सायकल ठप्प झाली तर पीएच बघा. अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातले कार्बोनेट क्षार खर्च करतात. पाणी मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असेल तर क्षार संपतात, पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात. पाणी बदललं की क्षार परत मिळतात. नळाचं पाणीच मऊ असेल तर जाळीच्या पिशवीत पोवळ्याचा चुरा भरून ती फिल्टरमध्ये ठेवावी. तो हळूहळू विरघळत पीएच धरून ठेवतो.

मासे आणायच्या आदल्या दिवशी बहुतेक सगळं पाणी बदला, कारण महिनाभरात नायट्रेट बरंच साठलेलं असतं. आणि मासे यायला उशीर होणार असेल तर तोवर अमोनिया घालत राहा. उपाशी ठेवलेले जिवाणू कमी होत जातात.

टाकी केवढी, कुठे

काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवू नये. फॅन्सी गोल्डफिश नीट वाढला तर शेपटीसकट १५ ते २० सेंटिमीटरचा होतो आणि दहा-पंधरा वर्षं जगू शकतो. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ असं म्हणतात. लहान टाकीत मासा लहान राहतो हे खरं, पण तो साचलेल्या घाणीमुळे खुंटलेला असतो आणि त्याचं आयुष्यही खुंटतं.

माझा हिशोब असा: पहिल्या माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत कागदावर १८० लिटर पाणी मावतं. वरची रिकामी पट्टी सोडली तर प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. तीन माशांना ही टाकी छान. उंच आणि अरुंद टाकी टाळा. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो पृष्ठभागावरून, तेव्हा पृष्ठभाग पसरट हवा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वरच्या टाकीचं वजन काच, स्टँड, दगड धरून २०० किलोच्या वर जातं, आणि भरल्यावर ती हलवता येत नाही. म्हणून भरायच्या आधी स्टँडवर पाणसळ ठेवून बघा. एक कोपरा जरी उचललेला राहिला तरी काचेच्या जोडावर ताण येतो. थेट ऊन येणारी खिडकी नको, पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकतर्फी झडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत न जाता तिथेच खाली पडेल.

फिल्टर जोरकस हवा, प्रवाह नको

गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही भरपूर करतो, तेव्हा तासाला टाकीच्या आठ-दहा पट पाणी फिरवणारा फिल्टर लागतो. पण फॅन्सी गोल्डफिशचं अंग अंड्यासारखं गोल, शेपटी दुहेरी, काहींना पाठीवर परच नाही. अशा माशाला प्रवाहाशी झुंजायला लावणं म्हणजे त्याला दिवसभर चढावर चालायला लावण्यासारखं आहे. पाणी बाहेर पडणारं तोंड काचेकडे वळवा किंवा भोकांच्या नळीतून पाणी सगळीकडे पसरवा. ओढून घेणाऱ्या तोंडावर स्पंजची टोपी चढवा, लांब पर त्यात ओढले जातात. मोठ्या फिल्टरच्या जोडीला हवेच्या पंपावर चालणारा एक साधा स्पंज फिल्टर मी कायम ठेवतो. एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि जिवाणूंची दोन घरं होतात.

हीटर बहुतेकदा लागत नाही. १८ ते २३ अंश या माशांना मानवतं. थंडीपेक्षा उकाडा जास्त त्रासदायक, कारण पाणी तापलं की त्यात मावणारा प्राणवायू कमी होतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. उन्हाळ्यात हवेचा जोर वाढवा आणि टाकीवर पंख्याचा वारा सोडा.

तळ मी मोकळाच ठेवतो. गोल्डफिश दिवसभर तळ चाळत असतो, तोंडात घेतो, चावतो, थुंकतो. वाटाण्याएवढे खडे त्याच्या घशात अडकू शकतात. तळाला काही हवंच असेल तर बारीक वाळूचा पातळ थर घाला, किंवा तोंडात मावणार नाहीत असे मोठे गोटे. मऊ पानांची झाडं तो खाऊन टाकतो. अनुबियास आणि जावा फर्न यांची पानं जाड, चिवट असतात, ती टिकतात. दोन्ही दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. टोकदार शोभेच्या वस्तू अजिबात नकोत. टेलिस्कोप या प्रकाराचे बाहेर आलेले डोळे आणि बबल आय या प्रकाराच्या डोळ्यांखालच्या पाण्याच्या पिशव्या अशाच एखाद्या कडेवर फुटतात.

कोण कोणाबरोबर

गोल्डफिशचे सगळे प्रकार एकाच जातीचे, चीनमध्ये हजारभर वर्षांपूर्वीपासून निवडून निवडून वाढवलेले. पण एकाच टाकीत सगळे सुखाने राहत नाहीत. कॉमेट, शुबुंकिन असे एकेरी शेपटीचे लांबट मासे चपळ. ते दाणे फस्त करतात आणि फॅन्सी मासे उपाशी राहतात. फॅन्सीमध्येही फरक आहे. फँटेल, र्‍युकिन आणि ओरांडा यांचं आपसात जमतं. सुरुवात करायची तर मी फँटेल किंवा ओरांडा सुचवेन. ब्लॅक मूरला नीट दिसत नाही, तर बबल आय आणि सेलेस्टियल यांची नजर वरच लागलेली असते. त्यांना त्यांच्यासारख्याच संथ सोबत्यांबरोबर ठेवावं.

विकत घेताना निदान दहा मिनिटं टाकीसमोर उभे राहा. मासा इकडेतिकडे चरत फिरतोय का? पाठीवरचा पर असेल तर तो उभारलेला आहे का? दोन्ही कल्ले सारखे हलताहेत का? पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेणारा, कोपऱ्यात एकटा बसलेला, परांवर लाल शिरा उमटलेला किंवा अंग दगडाला घासणारा मासा घेऊ नका. त्या टाकीतला एखादा दुसरा मासा तसा असेल तरी नको, कारण पाणी सगळ्यांचं एकच. दाणे टाकायला सांगा आणि खातोय का बघा.

पहिल्यांदा आणताना तिन्ही मासे एकदम आणण्यापेक्षा दोन आणावेत. तिसरा महिन्या-दोन महिन्यांनी, आणि तो आधी चार आठवडे वेगळ्या टबात. चाळीस-पन्नास लिटरचा साधा प्लास्टिकचा टब आणि मुख्य टाकीत मुरवलेला स्पंज फिल्टर एवढं पुरतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, कल्ल्यांवरच्या सूक्ष्म कृमी, अंगात रुतून बसणारे अँकर वर्म, हे सगळं नव्या माशाबरोबरच येतं आणि आल्या दिवशी दिसतंच असं नाही.

माशांची पिशवी आणली की ती न उघडता टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, तापमान सारखं होईल. पिशवी उघडून तासभर तिच्यात टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत बसायची पद्धत बरेच जण सांगतात. प्रवास दोन-तीन तासांहून मोठा झाला असेल तर ती करू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पीएच उतरतो आणि पिशवीतला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून तापमान जुळलं की पिशवी उघडायची, मासा ओल्या हातांच्या ओंजळीत घेऊन टाकीत सोडायचा आणि पिशवीतलं पाणी ओतून द्यायचं. त्या दिवशी दिवे बंद, खाणंही नाही.

पहिला महिना

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, म्हणून तो सतत थोडं थोडं खात राहायला घडलेला आहे आणि तुम्ही समोर आलात की कायम भुकेलाच दिसतो. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच द्या. दाणे बुडणारे घ्या. तरंगणारे दाणे खाताना तो हवाही गिळतो, आणि गोल अंगाच्या माशांचा तोल आधीच नाजूक असतो. कोरडे दाणे द्यायच्या आधी मिनिटभर भिजवा. आठवड्यातून एकदा उकडून सोललेला मटार चुरडून द्यावा.

पहिले दोन आठवडे रोज चाचणी करा. अमोनिया किंवा नायट्राइट पाव पीपीएम जरी दिसलं तरी अर्धं पाणी बदला, क्लोरीन काढून, तापमान जुळवून. नायट्राइट चढलेलं असेल तर लिटरला एक ग्रॅम साधं मीठ आधाराला घालता येतं, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पण पाणी बदलणं चुकत नाही. पुढे सगळं स्थिरावलं की दर आठवड्याला तिसरा ते अर्धा हिस्सा बदला आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. महिनाभर वाट पाहून वाढवलेले जिवाणू क्लोरीनने जातील. पाणी बदलताना टाकीतलं जे पाणी बादलीत काढता, त्यातच स्पंज दोनदा पिळा आणि परत लावा. बादलीतलं पाणी काळं होईल, स्पंज तपकिरीच राहील. तो तसाच हवा. ‘दर महिन्याला फिल्टर बदला’ असं डब्यावर छापलेलं असलं तरी बदलू नका. स्पंज फाटेपर्यंत चालतो. बदलायची वेळ आलीच तर नवा जुन्याशेजारी महिनाभर ठेवून मग जुना काढा.

आणि एखाद्या दिवशी माशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर बारीक पांढरे कण दिसले तर औषधाची बाटली उघडायच्या आधी भिंग घेऊन नीट बघा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात मिठाचे दाणे भुरभुरावेत तसे ठिपके अंगभर, परांवर, शेपटीवर कुठेही उठतात, आणि मासा अंग घासतो. कण फक्त झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर ओळीने असतील आणि मासा मजेत खात-फिरत असेल, तर तो वयात आलेला नर आहे. प्रजननाच्या काळात नरांना हे कण येतात आणि काही आठवड्यांनी आपोआप जातात.